जागलीवरून दिसणारी मुंबई

"भाऊ, तिथं आत गेल्यावर पहिले काय करतेत?"

गेल्या कार्तिकातली गोष्ट. हरभऱ्याच्या धुऱ्यावर, रात्री अकराच्या सुमारास त्या पोरानं मला हे विचारलं. तेवीस वर्षांचा, बाजूच्या गावचा, धामणगावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दोन दिवसांनी विदर्भ एक्स्प्रेसनं तो मुंबईला निघणार होता. शनिवारी रात्री अंधेरीकडे कुठंतरी गे पार्टी होती, तिकीट त्यानं ऑनलाइन काढलं होतं, शर्टही नवा घेतला होता. आता दारातून आत शिरल्यावर हात कुठं ठेवायचे एवढंच त्याला कळत नव्हतं.

आमची ओळख गे डेटिंग अ‍ॅपवरची. मुंबईत अ‍ॅप उघडलं की चेहऱ्यांची रांग लागते आणि अंतर मीटरात दिसतं. आमच्याकडं बरीच वर्षं सगळ्यात जवळचा माणूस अठरा किलोमीटरवर होता आणि त्याच्या पुढचा एकतीसवर. एका संध्याकाळी अचानक 'चार किलोमीटर' दिसलं आणि माझे हात थंड पडले. चार किलोमीटरवरचा माणूस म्हणजे ओळखीचाच निघणार. त्याचीही तीच गत झाली असणार, कारण पुढचे तीन महिने आम्ही दोघांपैकी कुणीच काही लिहिलं नाही.

त्या रात्री मी त्याला खरं तेच सांगितलं. "पहिले भिंतीपाशी उभा राहजो. मी दीड घंटा उभा होतो."

आमच्याकडं रात्र कामाची असते. कृषिपंपाची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की बॅटरी घेऊन ओलिताला जायचं, चिखलात उभं राहून दांडातलं पाणी वळवायचं, सापाकडं लक्ष ठेवायचं. लाइन नसली तर जागल. तूर शेंगांवर आली, हरभरा हिरवा झाला की रानडुकरं आणि रोही एका रात्रीत अर्धा एकर फस्त करतात. मग मचाणावर बसून डबा वाजवायचा, मधूनच हाळी द्यायची, पलीकडच्या वावरातून उत्तर आलं की बरं वाटायचं. अशा रात्री वाटेत कुणी भेटला तर पहिला सवाल एकच: "कोन होय? कोनाचा?" बापाचं नाव सांगितलं की बॅटरीचा उजेड तोंडावरून खाली येतो. आयुष्यभर मी या प्रश्नाला बापाचंच नाव सांगत आलो. ते नाव मला प्यारं आहे. पण त्या नावाला धक्का लागेल असं काही करायचं नाही, ही अटही त्याच्यासोबत येते, आणि ती मला बाराव्या-तेराव्या वर्षापासून गळ्याशी लागायला लागली होती.

२००३ साली मी पंचवीस वर्षांचा होतो. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबाला होतो. वर्ध्याला कामानिमित्त गेलो की तासभर सायबर कॅफेत बसायचो, पडदा लावलेल्या कोपऱ्यातल्या मशीनवर. चॅटरूममध्ये एका अनोळखी माणसानं मला पत्ता दिला: कुलाबा, आर्थर बंदर रोड, व्हूडू पब, शनिवारची रात्र. मी तो कापूस मोजायच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवला आणि पान फाडून पाकिटात ठेवलं. घरी सांगितलं, मुंबईत मशिनरीचं प्रदर्शन आहे. बाबांनी दोनशे रुपये वरून दिले, "परदेस आहे, लागतेत" म्हणून. ते दोनशे रुपये मला अजून टोचतात.

गाडी सकाळी सीएसटीला लागली. दिवसभर मी गेटवेच्या आसपास फिरलो. रात्री दहाला त्या गल्लीत गेलो आणि पबच्या दारावरून तीनदा पुढं निघून गेलो. चौथ्या वेळी एक परदेशी जोडपं, दोन पुरुष, हातात प्रवाशांसाठी असतं तसं मार्गदर्शक पुस्तक घेऊन आलं. पुस्तकात बघून, मग पाटी बघून, सहज आत शिरलं. त्यांच्या मागोमाग मीही शिरलो. पुढं कितीतरी वर्षं मी तसली माहिती वाचत आलो: मोठ्या शहरात आलेल्या समलिंगी पाहुण्यानं कुठं राहावं, कुठं नाचावं, कुठल्या वारी कुठला क्लब. चांगली, उपयोगी माहिती असते ती. पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा पाहुणा विमानानं येतो. धामणगावहून स्लीपरनं येणारा, घरी खोटं बोलून निघालेला, परतीच्या तिकिटाचे पैसे मोज्यात ठेवलेला पाहुणा त्यात कुठंच नसतो. त्याच्यासाठी कुणीतरी लिहायला हवं, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

आत अंधार, धूर, कानठळ्या बसवणारं गाणं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दार उघडलं की आतले कितीतरी डोळे तिकडं वळत. माझेही वळत. कलम ३७७ तेव्हा जिवंत होतं; समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारा १८६० चा कायदा. तरी त्या खोलीत दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे होते. मी दुसरं काही पाहिलंच नाही. नाचणारे पाहिले नाहीत, कुणाचे कपडे पाहिले नाहीत. ते खांद्यावरचं डोकं पाहत राहिलो. आमच्या गावात पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरतात, त्यात नवल नाही. पण इथं त्या स्पर्शाचा अर्थ दोघांनाही माहीत होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता.

दीड तासानं एक माणूस पाण्याची बाटली घेऊन शेजारी आला. पन्नाशीचा, बहुधा लग्न झालेला. "कुठला?" म्हणाला. मी म्हटलं, वर्धेकडचा. "मी चाळीसगावचा. बस ना, पाय दुखत असतील." कुठला ते त्यानं विचारलं. कोणाचा ते विचारलं नाही. मुंबईच्या रात्रीनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हे एवढंच सांगेन.

एकनंतर बाहेर पडलो. ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँच्या गाडीवर कबाबाचा धूर निघत होता, माणसं दिवसा असावीत तशी उभी राहून खात होती. तिथून सीएसटीपर्यंत चालत आलो आणि पहाटेपर्यंत फलाटावर चहा पीत बसलो. उपाशी होतो, पण भूक नव्हती.

ती रात्र आयती मिळाली नव्हती, हे मला नंतर कळलं. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला. वाकोल्यातल्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्यांचं केंद्र होतं. तिथं माणूस नुसता जाऊन बसू शकत असे. १९९८ पासून 'गे बॉम्बे'च्या मंडळींनी पार्ट्या भरवल्या, आणि दारू-नाच नको असणाऱ्यांसाठी रविवारच्या भेटी, आईवडिलांसाठी बैठकाही. पार्टीची जागा सारखी बदलायची. एखाद्या मालकानं नाही म्हटलं की दुसरी शोधायची. पोलिसांचं भय, मालकाची नाराजी, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं कुणीतरी अंगावर घेत होतं, म्हणून माझ्यासारख्याला भिंतीशी उभं राहायला जागा होती. व्हूडू बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गल्लीतून गेलो की अजूनही माझी चाल मंदावते.

कोर्टाचे निकाल मला पिकांवरून आठवतात. २ जुलै २००९, दिल्ली उच्च न्यायालयानं आमचे संबंध ३७७ मधून वगळले: पाऊस लांबलेला, पेरणी अडलेली, मी नागपूरच्या बसमध्ये कुणाच्या तरी मांडीवरच्या पेपरात बातमी वाचली. ११ डिसेंबर २०१३, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: वेचणीचे दिवस, मजुरांची मजुरी वाटत होतो, आणि वाटता वाटता हिशेब चुकला. ६ सप्टेंबर २०१८, सर्वोच्च न्यायालयानंच आम्हाला गुन्ह्यातून सोडवलं: पोळ्याला तीन दिवस होते. मी बैलांसाठी झूल आणि बाशिंगं घ्यायला बाजारात गेलो होतो. मुंबईच्या मित्राचा फोन आला, तो रडत होता. मला बाजारात रडता येईना, म्हणून मी दुकानदाराला सगळ्यात भारी झूल मागितली. आईनं विचारलं, "एवढी महागाची काहून आनली?" म्हटलं, "यंदा आनली."

आईला मी अजून सांगितलेलं नाही. आता सत्तेचाळिशीत आहे. गावात माझं लग्न न होण्याचं कारण लोकांनीच शोधून ठेवलं आहे: शेतकऱ्याला पोरगी कोण देतं. आमच्या भागात पस्तिशी-चाळिशी गाठलेले कितीतरी पोरं या एका कारणानं बिनलग्नाचे आहेत. त्यांचं दुःख खरं आहे, आणि मी त्या दुःखाच्या आडोशाला उभा आहे. पारावर कुणी त्यांच्याबरोबर माझ्याही नावानं हळहळला की मला मान वर करता येत नाही.

माझी एक मैत्रीण जिल्ह्याच्या गावी नर्स आहे. बाईवर प्रेम करणारी बाई. ती शिक्षणासाठी दोन वर्षं मुंबईत होती. मी तिला माझ्या शनिवारच्या रात्री सांगायचो तेव्हा ती ऐकून घ्यायची, आणि एकदा म्हणाली, "साडेनऊला हॉस्टेलचं गेट बंद होत होतं. माही मुंबईची रात्र म्हंजे खिडकी." मोठ्या शहरातल्या 'गे आणि लेस्बियन नाइटलाइफ'बद्दल वाचताना तो दुसरा शब्द बहुतेक वेळा शोभेपुरता असतो, हे मला तिच्यामुळं दिसलं. रात्री बाहेर राहायला पैसा लागतो, परतायला सुरक्षित वाहन लागतं, आणि 'कुठं होतीस' असं विचारणारं कुणी नसावं लागतं. या तिन्ही गोष्टी बाईजवळ एकदम क्वचितच असतात. म्हणून बायकांनी आपली रात्र घरात बांधली. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' नावानं काही जणी एकत्र आल्या, तो गट पुढं 'लेबिया' झाला. गाणी, भांडणं, रात्र रात्र चाललेल्या चर्चा, सगळं एकमेकींच्या घरी. पुढं २००८ पासून 'गेसी' या संकेतस्थळानं लेखन सुरू केलं, खुल्या मंचाच्या संध्याकाळी भरवल्या. माझ्या मैत्रिणीला असल्या एका घराचा पत्ता मिळाला तो मुंबई सोडायच्या आधीच्या महिन्यात. एक रात्र ती तिथं राहिली. आठ जणी होत्या, खिचडी केली होती, कुणीतरी पेटी वाजवत होतं. ती सांगते, "मी आतापर्यंत एवढ्या बायका एवढं मोकळं हसताना पाहिल्याच नोयत्या."

२०२२ उजाडताना बातमी आली, नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी नातेवाईकांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. आमच्याच विदर्भातली बातमी. मी आनंदानं तिला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "डॉक्टरबाईले जमते. नर्सबाईले अजून घंटाभर लागन." १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला तेव्हा सोयाबीनची मळणी सुरू होती, नवरात्र बसलेलं. त्या दिवशी फोन तिनंच केला. आम्ही सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो.

माझा मामा पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरीकडचा. दिवाळीनंतर तिकडं मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मग गावोगाव रात्रभराची झाडीपट्टीची नाटकं. रात्री दहाला पडदा वर गेला तर तांबडं फुटल्यावरच खाली. या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मामाच्या गावात पेढे वाटले. लहानपणी तिथंच मी खडी गंमत, म्हणजे तिकडचा तमाशा, पाहिली. ढोलकीवर लुगडं नेसलेला नाच्या आला आणि ब्लँकेटं पांघरून बसलेलं अख्खं गाव सरसावून बसलं. म्हातारे नोट पुढं करायचे, देणाऱ्याचं नाव पुकारलं जायचं. मी अकरा वर्षांचा होतो. सकाळी तोच माणूस धानाच्या खळ्यावर दिसला, सदरा-पायजम्यात, कानामागं थोडा कुंकवाचा डाग राहिलेला. मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते येत नव्हतं.

तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, अंधेरीच्या विमानतळाजवळच्या ललित हॉटेलातल्या 'किटी सू'मध्ये मी ड्रॅग, म्हणजे बाईच्या वेशात नटून केलेला कार्यक्रम, पाहिलं. सुशांत दिवगीकर यांचं मंचावरचं रूप, राणी कोहिनूर, जिथं गायचं तोच हा क्लब. हॉटेलचे केशव सुरी हे स्वतः ३७७ विरुद्ध याचिका करणाऱ्यांपैकी. आत जायचे पैसे आमच्याकडच्या मजुरीच्या कित्येक दिवसांचे, मित्रानं भरले. मंचावर भरजरी पोशाखात एक जण आला, मान वळवली, कंबरेवर हात ठेवला, आणि माझ्या कानात एकदम ढोलकी वाजली. डोळ्यांत पाणी आलं. सोबतच्यांना वाटलं मी बिचकलो. मला मामाच्या गावचं ब्लँकेट आठवत होतं. गाव त्या लुगड्याला रात्रभर मान देत होतं, पण फक्त तांबडं फुटेपर्यंत. लुगडं सोडल्यावर त्यानं कोण व्हायचं हे गावानं आधीच ठरवून ठेवलं होतं. इथं कार्यक्रम संपल्यावर तो कलाकार तसाच, रंग न उतरवता, मित्रांबरोबर टॅक्सीत बसून निघून गेला.

पण मुंबईतली माझी सगळ्यात आवडती रात्र क्लबातली नाही. २०१६ च्या मे महिन्यात लिबर्टी थिएटरमध्ये 'कशिश' चित्रपट महोत्सव होता. श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये सुरू केलेला. मेचा शेवटचा आठवडा, म्हणजे रोहिणी लागलेलं, वखरणी आटोपलेली, पावसाची वाट पाहणं एवढंच काम उरलेलं. शेतकऱ्याला सवड असते ती तेव्हाच. रात्रीचा खेळ सुटला आणि थिएटरबाहेरच्या फुटपाथवर माणसं घरी जाईनात. पांढऱ्या केसांचे दोघे जण एकाच पिशवीचा एकेक बंद धरून उभे होते. भाजीची असावी. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बराच वेळ उभा राहिलो.

हे सगळं त्या पोराला सांगत बसलो नाही. त्याला कामाचं सांगितलं. ओळखपत्र जवळ ठेव, दारातच मागतात. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, तू तेवीसचा आहेस, लिंबूपाणी घेतलंस म्हणून कुणी हसत नाही. राहायचं आधी ठरव, मग नाचायला जा. लोकल रात्री एकच्या आसपास संपते आणि पहाटे चारनंतर सुरू होते. मधल्या तीन तासांत माणूस नको त्याच्या घरी जातो, फक्त बसायला जागा नाही म्हणून. अ‍ॅपवरचा कुणी असेल तर पहिली भेट चहाच्या टपरीवर. फोटो, व्हिडिओ दाखवून पैसे मागणाऱ्यांच्या टोळ्या असतात. त्यातला एक अनुभव मी घेतला आहे, पगार गेला होता. तेव्हा कायदा आपल्या विरुद्ध होता म्हणून गप्प बसलो. आता दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेल्यात गुन्हा नाही. धमकी देणाऱ्याचाच गुन्हा आहे. पैसे देऊ नको, मला फोन कर.

मग निरोधाचं सांगितलं. तो खाली पाहायला लागला, पण मी थांबलो नाही. चूक झालीच तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या असतात, बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात जाऊन विचारायचं, जितकं लवकर तितकं बरं. तपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट होते, नाव बाहेर जात नाही. १०९७ या नंबरवर विचारता येतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या ओळखीतला एक जण हे न सांगितल्यामुळं गेला. गावात कावीळ म्हणून सांगतात.

"आन नागपूरले काही नाही काय?" त्यानं विचारलं. आहे, म्हटलं. सारथी ट्रस्ट आहे, तिथं आपली माणसं भेटतात. प्राइड मोर्चाही निघतो. परत आलास की दोघं जाऊ. तो म्हणाला, नागपूर लई जवळ आहे, कोनी पाहीन. मी समजलो. घरापासून किती लांब गेल्यावर अंग सैल पडतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. माझं नाशिक गेल्यावर पडायचं.

गुरुवारी संध्याकाळी गाडीवर बसवून मी त्याला स्टेशनवर सोडलं. त्याच्या आईनं डब्यात धपाटे आणि तिखट बांधून दिलं होतं, मोबाईलच्या ट्रेनिंगला चाललाय म्हणून. गाडी हलली तेव्हा त्यानं हात केला नाही, फक्त खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला.

शनिवारी माझी जागल होती. रात्रीचा एक वाजला, दोन वाजले. थंडी अशी की डब्याला हात लागवत नव्हता. तुरीच्या पलीकडं कोल्हे ओरडत होते. फोन मी छातीशी, स्वेटरच्या आत ठेवला होता. चारला तो वाजला.

"भाऊ, झोपले काय?"

"जागलीवर आहो. तू कुठी?"

"स्टेसनवर. सीएसटी. चाय घेऊन बसलो." मागं कसली तरी सूचना चालू होती. "मी भिंतीले उभाच नाही रायलो. एकदम नाचलोच."

मी काही बोललो नाही. तोही नाही. तेवढ्यात हरभऱ्यात खसखस झाली, दोन-तीन काळ्या पाठी उजेडात चमकल्या.

"डुकरं आले काय?"

"हाव. ठेव फोन."

"ठेवत नाही," तो म्हणाला. "वाजवा तुमी. मी आहो लाइनवर."

मी फोन मचाणाच्या फळीवर ठेवला आणि डबा उचलला.